बॅरिस्टरीची बहात्तर जेवणं

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये बॅरिस्टर व्हायचं तर दोन गोष्टी कराव्या लागत. परीक्षा द्यायची आणि जेवायचं. परीक्षा १८७२ पासून सक्तीची झाली. जेवण त्याच्या कितीतरी आधीपासून सक्तीचं होतं. इनर टेंपल, मिडल टेंपल, लिंकन्स इन आणि ग्रेज इन या चार संस्थांपैकी एकीत नाव घालायचं आणि बारा टर्म, म्हणजे साधारण तीन वर्षं, तिथल्या हॉलमध्ये ठरलेल्या संध्याकाळी हजर राहायचं. मोहनदास गांधींनी नोव्हेंबर १८८८ मध्ये इनर टेंपलमध्ये नाव घातलं, तेव्हा एका टर्ममध्ये चोवीसेक जेवणं होत आणि त्यांतल्या किमान सहांना जावं लागे. गुणाकार केला तर बहात्तर. ताटातलं खाल्लंच पाहिजे असं नव्हतं. वेळेवर येऊन शेवटपर्यंत बसलं की हजेरी लागे. पैसे मात्र न खाणाऱ्यालाही द्यावे लागत, एका जेवणाचे अडीच ते साडेतीन शिलिंग.

कायद्याचा आणि जेवणाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. गांधींनाही वाटलं होतं. पण मुळात तो संबंध होता. पंधराव्या-सोळाव्या शतकात या इन म्हणजे राहत्या शाळा होत्या. छापील पुस्तकं कमी, वर्ग नाहीत. जेवण झालं की त्याच हॉलमध्ये एखादा काल्पनिक खटला मांडायचा, विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजू लढवायच्या आणि 'बेंचर' म्हणवणाऱ्या ज्येष्ठांनी न्यायाधीश होऊन त्यांची चिरफाड करायची. याला 'मूट' म्हणत. न्यायालयात उभं राहून स्पष्ट कसं बोलावं, समोरच्याचं म्हणणं न चिडता कसं खोडावं, हे विद्यार्थी तिथे शिके; आणि त्याआधी ताटावर बसून, ज्येष्ठांशी अदबीनं पण न घाबरता गप्पा कशा माराव्यात, हेही शिके. १६४० नंतरच्या यादवी युद्धात हे शिक्षण मोडलं आणि नंतर पूर्वीसारखं सावरलं नाही. मूट गेले, व्याख्यानं गेली, जेवण उरलं. गांधींच्या काळात बेंचर वेगळ्या टेबलावर बसत आणि विद्यार्थी आपापसात. या प्रथेचा अर्थ गेला तरी सनातनी इंग्लंडनं ती ठेवली, असं त्यांनी पुढे आत्मकथेत नोंदवलं आहे. 'सनातनी' हे विशेषण आपण सहसा इंग्रजांना लावत नाही, पण इथे ते चपखल बसतं.

इन जे शिकवेनाशा झाल्या, ते शिकवायला बाजार उभा राहिला. अठराव्या शतकात लंडनमध्ये 'एलोक्यूशन'चे शिक्षक दिसू लागले. एलोक्यूशन म्हणजे स्पष्ट उच्चार, आवाजाचा चढउतार, योग्य जागी थांबणं आणि हातवारे यांचं शिक्षण. यातलं सर्वांत गाजलेलं नाव थॉमस शेरिडनचं. हा मूळचा आयर्लंडचा, पेशानं नट. १७६१ मध्ये तो एडिंबराला गेला आणि तिथल्या वकील-पाद्री मंडळींना शुद्ध इंग्रजी कसं बोलावं यावर व्याख्यानं देऊन आला. पुढच्याच वर्षी त्याची एलोक्यूशनवरची व्याख्यानमाला पुस्तकरूपानं निघाली. आयरिश माणसानं स्कॉटिश माणसांना इंग्रजी उच्चार शिकवावेत, यातली गंमत त्या काळच्या लोकांच्याही नजरेतून सुटली नसावी. पण स्कॉटिश लोकांना निकड होती. १७०७ मध्ये दोन्ही देशांच्या संसदा एक झाल्यापासून मोठ्या नोकऱ्या, मोठे खटले, मोठी पदं लंडनमध्ये होती आणि तोंड उघडताच माणूस 'बाहेरचा' ठरत होता. अलेक्झांडर वेडरबर्न नावाचा तरुण स्कॉटिश वकील शेरिडनकडून आणि नट मॅकलिनकडून उच्चार घासूनपुसून घेऊन इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाला आणि १७९३ मध्ये थेट लॉर्ड चॅन्सलर. एलोक्यूशनवाल्यांना याहून चांगली जाहिरात कुठे मिळणार?

उच्चारांच्या जोडीला जेवणाच्या टेबलावरचं बोलणं होतंच. लॉर्ड चेस्टरफील्डनं आपल्या मुलाला वर्षानुवर्षं लिहिलेली पत्रं १७७४ मध्ये छापून आली, त्यांत हेच सगळं आहे: मोठ्यानं वाचायचा सराव कर, पुटपुटू नकोस, चारचौघांत लांबण लावू नकोस, समोरच्याच्या कोटाचं बटण धरून त्याला गोष्ट ऐकवू नकोस. त्याच्या आधीच, १७३८ मध्ये, जोनाथन स्विफ्टनं या सभ्य संभाषणाची टर उडवणारं एक पुस्तक काढलं होतं. त्यात उमराव घरातली माणसं जेवताना नुसती ठरीव, झिजलेली वाक्यं एकमेकांकडे टोलवत बसतात. कुणी काहीच सांगत नाही आणि सगळं अगदी सुरळीत चालतं. परदेशात ऑफिसच्या ख्रिसमस डिनरला आठ अनोळखी माणसांत बसून हवामान, सुट्ट्या आणि घरांच्या किमती यांवर दोन तास काढलेल्या कुणालाही स्विफ्ट समजावून सांगावा लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात या धंद्यातलं मोठं घराणं बेल यांचं. डेव्हिड चार्ल्स बेल आणि अलेक्झांडर मेलव्हिल बेल या भावांचं 'बेल्स स्टँडर्ड एलोक्यूशनिस्ट' हे पुस्तक १८६० मध्ये निघालं आणि पुढे कित्येक वर्षं खपत राहिलं. नामवंतांची भाषणं, कविता, नाट्यप्रवेश, आणि ते कसे म्हणायचे याच्या सूचना. मेलव्हिलनं पुढे 'व्हिजिबल स्पीच' नावाची, ओठ-जिभेच्या ठेवणीवरून ध्वनी लिहिण्याची लिपीही काढली. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल हे त्याचे चिरंजीव. बर्नार्ड शॉनं 'पिग्मॅलियन'च्या प्रस्तावनेत या मेलव्हिल बेलचा उल्लेख केला आहे. त्या नाटकातली फुलवाली उच्चार शिकते आणि पहिल्यांदा चारचौघांत नेली जाते, तेव्हा हवामान आणि तब्येत या दोनच विषयांवर बोलायचं, असं तिला बजावलेलं असतं. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांनी तिची 'ती फुलराणी' केली. १९७५ मध्ये भक्ती बर्वेंनी ती रंगमंचावर आणली आणि इंग्रजी उच्चारांचा हा मामला मराठीत किती सहज बसतो, हे कळलं. प्रमाण बोली न येणाऱ्याला हसायची रीत आपल्याला इंग्रजांकडून शिकावी लागली नव्हती.

तर असा हा सगळा सरंजाम तयार असताना, काठियावाडातून आलेला अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा लंडनला पोचला.

बोटीवरच त्याची तारांबळ उडाली होती. ४ सप्टेंबर १८८८ ला मुंबईहून निघालेल्या बोटीवर बहुतेक प्रवासी इंग्रज. ते बोलत ते गांधींना कळेना. कळलं तर उत्तर सुचेना. प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायचं, मग तोंडातून काढायचं. काटे-चमचे धरता येत नव्हते आणि कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर नव्हता. म्हणून जेवणाच्या टेबलावर ते गेलेच नाहीत. बरोबर आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्ये बसून खाल्ली. सोबतचे वकील त्र्यंबकराय मजमुदार सांगत, वकिलाची जीभ लांब हवी, चुका झाल्या तरी बोलत सुटा. ते काही जमलं नाही.

लंडनमध्ये पहिल्याच संध्याकाळी डॉ. प्राणजीवन मेहता हॉटेलवर भेटायला आले. गप्पांच्या ओघात गांधींनी त्यांची उंच रेशमी हॅट सहज हातात घेतली आणि लव उलटी फिरवली. मेहतांनी तिथल्या तिथे पहिला धडा दिला: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. पहिल्या भेटीत आपल्याकडे विचारतात तसले प्रश्न विचारायचे नाहीत. मोठ्यानं बोलायचं नाही. आणि ऊठसूट 'सर' म्हणायचं नाही, तसं इथे नोकर मालकाला म्हणतो. एकशे तीसहून अधिक वर्षं झाली, पण देशाबाहेर पडणाऱ्या भाच्या-पुतण्यांना आपण यातलंच काही ना काही सांगत असतो. 'सर' तर ईमेलांतून अजून गेलेला नाही. यातला प्रश्न न विचारण्याचा नियम मला सर्वांत अवघड वाटतो. गाव कुठलं, घरी कोण कोण, लग्न झालं का, हे आपल्याकडे आपुलकीचं बोलणं आहे. त्याच्याविना अनोळखी माणसाशी सुरुवात तरी कुठून करायची? पण याच प्रश्नांत जात काढण्याची युक्तीही दडलेली असते, हेही आपल्याला ठाऊक आहे. आडनाव कळलं नाही तर गाव, गावावरून नाही तर कुलदैवत. हा धागा पुढे लागणार आहे.

मग हॉबर्न रेस्टॉरंटचा प्रसंग घडला. गांधींच्या शाकाहाराच्या हट्टाला कंटाळलेल्या एका मित्रानं त्यांना नाटकाला नेलं आणि त्याआधी या झगमगीत रेस्टॉरंटमध्ये जेवायला. एवढ्या थाटाच्या जागी हा मुकाट्यानं जेवेल, असा त्याचा हिशेब. पहिलं सूप आलं. त्यात काय आहे हे मित्राला विचारायचं धाडस होईना, म्हणून गांधींनी वेटरला हाक मारली. मित्रानं कारण विचारलं आणि ते कळताच तो उखडला: तू सभ्य समाजात बसायच्या लायकीचा नाहीस, धड वागता येत नसेल तर बाहेर जा. गांधी उठून बाहेर गेले. जवळचं शाकाहारी रेस्टॉरंट बंद होतं. त्या रात्री ते उपाशीच राहिले आणि नाटकाला मात्र मित्राबरोबर गेले.

या प्रसंगाचा ओरखडा खोल गेला असला पाहिजे, कारण यानंतर गांधींनी 'सभ्य' व्हायचं मनावर घेतलं. एकोणीस शिलिंगांची उंच हॅट आली. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट शिवला. भावाकडून घड्याळासाठी सोन्याची दुपदरी साखळी मागवली. नाचाच्या वर्गाला तीन पौंड भरले. पियानोचा ताल काही कळेना, तीन आठवड्यांत सहा धडे होऊन ते थांबलं. पाश्चात्त्य संगीताचा कान यावा म्हणून तीन पौंडांचं व्हायोलिन घेतलं. आणि एलोक्यूशनच्या शिक्षकाला एक गिनी देऊन बेलचं पुस्तक विकत घेतलं. पहिला धडा होता पिटच्या संसदेतल्या भाषणाचा.

जरा कल्पना करून पाहा. चार माणसांत सूप कशाचं आहे हे विचारता येत नाही, आणि सराव चाललाय तो ब्रिटिश पंतप्रधानाच्या गर्जनेचा. उपाय आणि दुखणं यांची गाठच पडत नव्हती. सुदैवानं गांधींच्या ते लवकर लक्षात आलं. जन्मभर इंग्लंडमध्ये राहायचं नाही, मग हे वक्तृत्व कशाला? बेल यांच्या नावावर कोटी करत त्यांनी लिहिलंय की या बेलनंच धोक्याची घंटा वाजवली. शिक्षकाला पत्र लिहून शिकवणी बंद केली. एकूण खूळ तीनेक महिने टिकलं. कपड्यांचा टापटीपपणा मात्र पुढे बरीच वर्षं राहिला.

इकडे टेंपलमधली जेवणं चालूच होती. विद्यार्थी चार-चारच्या गटांत बसत. एका गटाला 'मेस' म्हणत आणि प्रत्येक मेसला दारूच्या दोन बाटल्या मिळत. गांधी पीत नसत, त्यामुळे त्यांना आपल्या चौकडीत ओढायला सगळ्यांची चढाओढ, कारण मग दोन बाटल्या तिघांत. न बोलणारा, न पिणारा, ब्रेड, उकडलेला बटाटा आणि कोबी खाणारा हा माणूस त्या हॉलमधला सर्वांत लोकप्रिय पाहुणा ठरला असेल तर नवल नाही. पुढे धीर आल्यावर आणखी एका शाकाहारी पारशी विद्यार्थ्याबरोबर त्यांनी अर्ज केला, की बेंचरांच्या टेबलावर जाणाऱ्या भाज्या आणि फळं आम्हालाही मिळावीत. अर्ज मंजूर झाला. माझ्या मते गांधींची पहिली यशस्वी वकिली ही. मागणी छोटी, कारण स्पष्ट, भाषा सभ्य, आणि पिट कुठेच नाही.

आता याच वर्षांत महाराष्ट्रात जेवणाच्या जागी काय चाललं होतं, ते पाहायला हवं. नाहीतर इंग्रजांच्या टेबलाला हसून आपण मोकळे होऊ.

आपल्या सोवळ्याच्या पंगतीत गप्पांना जागा नव्हती. आपोष्णी घेतल्यावर मौन पाळून जेवणारे कितीतरी होते. पण त्याच पंगतीत स्पष्ट बोलण्याची एक कडक तालीमही होती. ती म्हणजे श्लोक. लग्नामुंजीच्या पंगतीत वाढप चालू असताना कुणीतरी मोरोपंतांची आर्या किंवा वामन पंडितांचा श्लोक खड्या आवाजात म्हणे, शेवटी पंगत 'हर हर महादेव'चा गजर करी आणि पुढचा माणूस सरसावे. मुलांना मुद्दाम पुढे करत. मुंजीतल्या बटूला श्लोक म्हणता आला नाही तर त्याच्या बापाची मान खाली. ळ आणि ल, श आणि ष, ऱ्हस्व आणि दीर्घ, यती कुठे, श्वास कुठे, हे सगळं शंभर माणसांसमोर तपासलं जाई. एलोक्यूशनचा वर्ग यापेक्षा वेगळा काय असतो? बायका या पंगतीत वाढायला असत, जेवायला मागाहून. नवऱ्याचं नाव उखाण्यात गुंफून घेताना त्यांना चारचौघांत तोंड उघडायला मिळे, आणि तेवढ्यापुरतंच. परदेशातल्या मराठी मंडळांत गणपतीच्या जेवणाला मुलांकडून श्लोक म्हणवून घेतात, तेव्हा हीच जुनी रीत पुढे चाललेली असते. फक्त पंगतीच्या जागी बुफेची रांग आलेली असते.

दोन्हीकडे परीक्षाच होती. फरक तिच्या जागेत. इंग्रजी टेबलावर आधी बसायला मिळे, मग तुम्ही कसे बोलता, काटा कसा धरता, यावरून तुमची पत ठरे. पंगतीत पाटावर बसायच्या आधीच निकाल लागलेला असे. कितीही शुद्ध श्लोक म्हणा, जन्म चुकीच्या घरी झाला असेल तर पाट मांडला जात नसे.

हे किती गंभीर होतं, ते पुण्यात ऑक्टोबर १८९० मध्ये दिसलं. गांधी टेंपलच्या हॉलमध्ये बटाटा-कोबी खात होते त्याच सुमाराला पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली बडी मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी कप नुसता हातात धरून खाली ठेवला. सभ्यपणाचा प्रश्न होता. यजमानानं दिलेला कप परत करणं बरं दिसत नाही. गोपाळराव जोशी, म्हणजे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंचे पती, यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यांच्याच सुधारक अनुयायांचे शब्द खाल्ले. ज्यांच्या वक्तृत्वावर पुणं माना डोलवत होतं, त्यांना कपभर चहाचा खुलासा करावा लागला.

गांधींच्याही वाट्याला हे आलं होतं. ते निघायच्या आधीच मुंबईतल्या मोढ वाणी जातीच्या सभेनं त्यांना वाळीत टाकलं होतं आणि त्यांना निरोप द्यायला बंदरावर जाणाऱ्याला सव्वा रुपया दंड ठरवला होता. १८९१ च्या जूनमध्ये बॅरिस्टर होऊन परतल्यावर भाऊ त्यांना आधी नाशिकला घेऊन गेला. गोदावरीत स्नान घातलं आणि राजकोटला पोचल्यावर जातीला जेवण दिलं. म्हणजे बहात्तर जेवणं जेवून मिळालेली सनद इंग्रजांच्या कोर्टात चालली, पण स्वतःच्या गावात आणखी एक जेवण घालावं लागलं. तेही पुरं पडलं नाही. जातीतल्या एका तटानं बहिष्कार उठवला, दुसऱ्यानं नाही. त्या तटात त्यांचे सासू-सासरे आणि बहीण-मेहुणे होते. त्यांच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही असा नियम. ते लपूनछपून द्यायला तयार होते. जे उघडपणे करता येत नाही ते चोरून करायचं नाही, म्हणून गांधींनी घेतलं नाही.

आणि त्यांचं बोलणं? ते सुधारलं का?

लंडन सोडण्याआधी त्यांनी आपल्या शाकाहारी मित्रांना निरोपाचं जेवण दिलं, आणि जागा निवडली तीच, हॉबर्न रेस्टॉरंट. या वेळी तिथे पूर्ण शाकाहारी जेवण करवून घेतलं. भाषणाची सुरुवात एका किश्शानं करायचं ठरवलं होतं: संसदेत बोलायला उठलेला ॲडिसन 'आय कन्सीव्ह' एवढंच तीनदा म्हणून अडखळला आणि एका खोडकर सभासदानं म्हटलं, या गृहस्थांना तीनदा गर्भ राहिला पण जन्माला काहीच आलं नाही. गांधी उठले आणि त्यांचंही नेमकं तेच झालं. आमंत्रणाचा मान राखून आलात, आभारी आहे, एवढं म्हणून खाली बसले. हे आत्मकथेतलं वर्णन. 'द व्हेजिटेरियन' साप्ताहिकात त्या समारंभाचा जो वृत्तांत तेव्हा छापून आला, त्यात मात्र गांधींनी किंचित घाबरत पण चांगलं भाषण केल्याचं म्हटलंय. मला वृत्तांतच जास्त खरा वाटतो. लाजाळू माणसाला आपलं भाषण नेहमीच प्रत्यक्षापेक्षा वाईट आठवतं, आणि यजमानाचं कौतुक करायचं म्हटलं तरी न झालेलं भाषण कुणी छापत नाही.

या शाकाहारी मंडळींनी त्यांना एलोक्यूशनवाल्याहून जास्त शिकवलं, असं पुरावा पाहता दिसतं. फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या शाकाहारी रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा पोटभर जेवण मिळालं. तिथेच हेन्री सॉल्टचं शाकाहारावरचं पुस्तक शिलिंगाला घेतलं. मग सोसायटीच्या कार्यकारिणीत गेले, बेजवॉटर भागात छोटा क्लब काढून त्याचे सचिव झाले आणि १८९१ मध्ये 'द व्हेजिटेरियन'मध्ये लेख लिहू लागले. सभेत लिहून आणलेलंही कधी कधी दुसऱ्याला वाचावं लागे. पण सांगायला काहीतरी होतं आणि ऐकणाऱ्यांना ते हवं होतं. बेलच्या पुस्तकात यातलं एकही नव्हतं.

मुंबईत अर्थात फजितीच झाली. स्मॉल कॉज कोर्टात ममीबाईचा खटला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली, एक प्रश्न सुचेना. वकीलपत्र परत केलं. तोंड खऱ्या अर्थानं उघडलं ते १८९३ मध्ये प्रिटोरियात, तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांसमोर, व्यापारातल्या खरेपणावर बोलताना. आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण असं ते त्याला म्हणतात. तिथल्याच लोकांना त्यांनी इंग्रजी शिकवायची तयारी दाखवली. तिघे जण आले: एक न्हावी, एक कारकून आणि एक छोटा दुकानदार. गांधी त्यांच्या सवडीनं त्यांच्या जागी जाऊन शिकवत. न्हाव्याला गिऱ्हाइकांशी बोलण्यापुरतं इंग्रजी हवं होतं. तेवढंच शिकवलं. स्वतःला पाच वर्षांपूर्वी कुठला धडा मिळाला होता, याची आठवण त्यांना तेव्हा झाली असेल का?

या इनच्या हॉलमध्ये नंतर आणखीही माणसं येऊन जेवली. सावरकरांनी ग्रेज इनमध्ये जेवणं आणि परीक्षा दोन्ही पुरी केली, पण १९०९ मध्ये बेंचरांनी त्यांना सनद द्यायचं नाकारलं. तिथे जन्म विचारत नसत, निष्ठा मात्र विचारत. नाशिकला जन्मलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डमध्ये १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. बाईला बारमध्ये घेत नसल्यानं त्यांना सनद मिळाली ती १९२३ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी इनर टेंपलनं आयव्ही विल्यम्स या पहिल्या स्त्रीला बारमध्ये घेतलं आणि त्याच वर्षी राजद्रोहाच्या शिक्षेमुळे गांधींचं नाव काढून टाकलं. ते परत घातलं १९८८ मध्ये. जेवणाचा जुना हॉल तोवर राहिला नव्हता. १९४१ च्या बाँबहल्ल्यात तो पडला आणि १९५५ मध्ये नवा उभा राहिला.

त्याच १९२२ मध्ये ग्रेज इनमधून भीमराव आंबेडकर बॅरिस्टर झाले. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसलेला, शिपायानं वरून ओतलं तरच पाणी मिळणारा हा विद्यार्थी त्या हॉलमध्ये टेबलावर बाकीच्यांबरोबर जेवला. त्यासाठी आधी कुणाला काही सांगावं लागलं नाही. पाच वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यानंतर परिषदेचे लोक मंडपात जेवायला बसलेले असताना जमावानं हल्ला केला. माणसांना मारलं आणि अन्न मातीत तुडवलं.

पुढच्या दशकात महाराष्ट्रात सहभोजनांची लाट आली. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनीही ती घडवून आणली. एका पंगतीला बसलं की भेद जाईल, अशी आशा होती. १९३६ च्या आपल्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात, जे त्यांनी मग स्वतःच छापून काढलं, आंबेडकरांनी या सहभोजनांचा विचार केला आहे. एकत्र जेवण चालणाऱ्या जातीही पुष्कळ आहेत आणि त्यांच्यात जात जशीच्या तशी आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. उपाय त्यांनी सांगितला तो मिश्रविवाहाचा आणि त्याहीपुढे, ज्या शास्त्रांच्या आधारानं पाट वेगळे मांडले जातात त्यांचा अधिकारच नाकारण्याचा. लाहोरच्या आयोजकांना भाषणाचा मसुदा झेपला नाही. त्यांनी परिषदच रद्द केली.